विश्लेषण : आकडे वृत्तपत्रात, गणित मात्र कंपनीच्या कुलपात?

व्हीसीआरवर उद्याचा कार्यक्रम रेकॉर्ड करायचा तर वाहिनी, तारीख, सुरुवात आणि शेवट असे सगळे भरावे लागे. एक बटण चुकले की टेपवर भलतेच काही उतरे. १९९० मध्ये अमेरिकेत जेमस्टार कंपनीने ‘व्हीसीआर प्लस’ आणले. वृत्तपत्रात कार्यक्रमापुढे एक ते आठ आकडी संकेतांक छापलेला असे. तो दाबला की काम झाले. लोकप्रिय वेळांना छोटे अंक, आडवेळेला लांबलचक. ब्रिटनमध्ये हेच ‘व्हिडिओप्लस’, जर्मनीत ‘शोव्ह्यू’, जपानमध्ये ‘जी-कोड’.

सोय खरीच होती. पण अंक बनवण्याचे सूत्र कंपनीने गुप्त ठेवले आणि वृत्तपत्रे परवान्याने ते छापत राहिली. अंक छापलाच नाही, तर प्रेक्षक पुन्हा जुन्या खटाटोपात. वेळ आणि वाहिनी छापील पानावर उघडी असताना त्यांच्या बेरीज-वजाबाकीवर मालकी कशाला, हा प्रश्न रास्तच होता. १९९२ मध्ये तीन संशोधकांनी ‘क्रिप्टोलॉजिया’ नियतकालिकात सहा आकड्यांपर्यंतच्या अंकांची उकल छापली. त्याहून लांब अंक त्यांनाही उलगडले नाहीत.

आणि सामना लांबला तर? अंकात वेळ तेवढी भरलेली. शेवटची षटकार-चौकारांसारखी रंगत टेपबाहेरच राही.