देवमाशाचं मोडकं जनुक

नुकतंच जन्मलेलं बाळ थंडीत कुडकुडत नाही, तरी त्याचं अंग ऊबदार राहतं. मानेभोवती आणि पाठीच्या वरच्या भागात त्याच्याकडे तपकिरी चरबी असते. तिच्यातलं यूसीपी१ नावाचं प्रथिन अन्नातली ऊर्जा पेशीच्या कामासाठी साठू न देता तिची थेट उष्णता करतं. उंदराच्या अंगातही हीच शेगडी असते.

मग ध्रुवाजवळच्या बर्फाळ पाण्यात राहणाऱ्या देवमाशाकडे ही शेगडी किती मोठी असेल? उत्तर उलटं आहे. त्याच्याकडे ती नाहीच. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे मायकेल गॉड्री, केविन कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मध्ये दाखवलं की देवमाशांमध्ये हे जनुक निकामी झालं आहे. हत्ती, घोडे आणि खवल्या मांजर यांच्या कुळांतही ते वेगवेगळ्या वेळी, स्वतंत्रपणे बिघडलं.

यात गूढ नाही. शरीर मोठं असलं की त्या मानाने त्वचेचं क्षेत्र कमी पडतं आणि उष्णता सावकाश निसटते. शिवाय देवमाशाच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. बोहेड देवमाशात तो जवळजवळ अर्धा मीटर भरतो. घर असं ऊबदार असेल तर शेगडी बिघडल्याचा फटका बसत नाही आणि बिघाड पिढ्यान्‌पिढ्या तसाच पुढे जातो.

उत्क्रांती म्हणजे सतत वरच्या पायरीवर चढणं, ही समजूत इथे मोडते. मिळवणं जितकं उत्क्रांतीचं, तितकंच गमावणंही.

आणि हा मोडका अवशेष साक्षीदारही आहे. देवमाशाचे पूर्वज जमिनीवर चालणारे होते. त्यांचे व त्यांच्या नातलगांचे जीवाश्म पाकिस्तानात, जम्मू-काश्मीरच्या कालाकोट भागात आणि कच्छमध्ये सापडले आहेत. जीवाश्म जमिनीत आणि मोडकं जनुक पेशीत. दोन्ही साक्षी एकमेकींशी जुळतात.

म्हणूनच 2023 मध्ये दहावीच्या एनसीईआरटी पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळल्याचं समोर आलं, ते मला खुपतं. बारावीत तो आहे, पण जीवशास्त्र घेणाऱ्यांपुरताच. जिच्या मातीत देवमाशाच्या पूर्वजांची हाडं निघतात, त्या देशात हे पुस्तक शिकणाऱ्या अनेक मुलांना ती कशाची, हे शाळेत कळणारच नाही.

आपल्या घरांतही उत्क्रांती म्हटलं की काहींच्या भुवया उंचावतात. मी त्यांना एवढंच म्हणेन, आधी पुरावा पाहू या. कुणाला काय मानायचं ते तो ठरवेल. पण पाहण्याआधीच पान फाडून टाकणं हे ना श्रद्धेचं लक्षण, ना शिक्षणाचं. निदान आपल्या मुलांना तरी ते पान आपण घरी वाचून दाखवू या.