जाकिटाचे पैसे कोणी भरायचे?

ट्रॉम्बेच्या धक्क्यावर उभे राहिले की पाण्यापलीकडे घारापुरीचा डोंगर दिसतो. महाशिवरात्रीला चेंबूर-ट्रॉम्बे भागातील भाविक येथून कोळी बांधवांच्या होड्यांतून शिवदर्शनास जातात. ही यात्रा कोणा पर्यटन महामंडळाने सुरू केलेली नाही. ती समाजाने जपली आहे. परंतु होडीत बसणाऱ्या वृद्ध मातेच्या अंगावर जीवरक्षक जाकीट आहे काय, आणि नसेल तर ते कोणी आणावयाचे, असे विचारले की शासन, मंडळ आणि नावाडी हे तिघेही एकमेकांकडे बोट दाखवितात.

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीस निघालेल्या 'नीलकमल' या नौकेवर नौदलाची वेगवान बोट आदळली. इंजिनाची चाचणी चालू असताना तिच्यावरील ताबा सुटला होता. पंधरा जीव गेले. धडकेचा दोष 'नीलकमल'चा नव्हता, हे मान्यच केले पाहिजे. परंतु चौऱ्याऐंशी प्रवाशांची परवानगी असलेल्या नौकेवर शंभराहून अधिक माणसे होती आणि अनेकांच्या अंगावर जाकिटे नव्हती, हा दोष कोणाचा? दुर्घटनेनंतर लगोलग जाकिटे सक्तीची झाली. म्हणजे सक्ती करणे शक्य होते!

मृतांच्या वारसांना राज्याकडून पाच लाख आणि केंद्राकडून दोन लाख रुपयांचे साहाय्य जाहीर झाले. ते योग्यच होते. पण एका कुटुंबाला द्यावयाच्या त्या सात लाखांत नौकेवरील प्रत्येकाला उत्तम प्रतीचे जाकीट देऊनही पैसे उरले असते. सुरक्षेचा खर्च परवडत नाही म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. खर्च जनताच करते; आधी की नंतर, एवढाच प्रश्न आहे.

इंग्रजांनी १९१७ साली केलेला अंतर्देशीय नौकांचा कायदा स्वतंत्र भारताने चौऱ्याहत्तर वर्षे वाहिला. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, तरी दिल्लीश्वरांना तो मोडीत काढावासा वाटला नाही. कान्होजी आंग्र्यांच्या किनाऱ्यावर परक्यांचा कायदा चालू राहिला, याची खंत किती जणांना होती? अखेर २०२१ साली संसदेने नवा कायदा केला. नोंदणी देशभर एकसारखी झाली, विम्याची तरतूद आली, यंत्राविना चालणाऱ्या होड्यांकडेही प्रथमच लक्ष गेले. हे पाऊल स्वागतार्हच होते.

परंतु कायदा दिल्लीत बदलतो आणि त्याचे ओझे धक्क्यावर येऊन पडते. बिनयंत्राच्या होड्यांचे काम स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपविण्याची वाट या कायद्याने मोकळी केली. ग्रामसेवकाला होडीचा तळ तपासता येतो काय? २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. तेव्हा नवा कायदा होता, नियमही होते. बुडणाऱ्याच्या अंगावर मात्र काही नव्हते.

नियम कडक केले की गरीब नावाडी मरेल, असा युक्तिवाद आता ऐकू येतो. त्यात तथ्य आहे. पण म्हणून नियम सैल करा, हा निष्कर्ष खोटा आहे. दंडाची पावती पहिल्यांदा लहान होडीवाल्याच्या हाती पडते आणि मोठा मालक फेऱ्या वाढवून ती वसूल करतो, हा अनुभव नवा नाही. यावर उपाय त्याच कायद्यात आहे. राज्यांनी विकास निधी उभारावा आणि आपत्कालीन सज्जतेसाठी तो वापरावा, अशी तरतूद त्यात आहे. मग त्या निधीतून धक्क्याधक्क्यांवर जाकिटांचा साठा का ठेवू नये? प्रवाशाने चढताना घ्यावे, उतरताना परत करावे. कोळ्याच्या खिशाला चाट नाही, तिकिटात वाढ नाही.

महाराष्ट्र सागरी मंडळाने या निधीत किती जमा झाले आणि त्यातून किती जाकिटे आली, याचा हिशेब जाहीर करावा. आणि पुढच्या महाशिवरात्रीपूर्वी ट्रॉम्बेच्या धक्क्यावर ती मोजून दाखवावीत.