वाहन हौसेचे की वाटेचे?

२२ सप्टेंबर २०२५ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, वस्तू व सेवा कराचे नवे दर अमलात आले आणि वाहनविक्रेत्यांच्या दालनांतून गर्दी उसळली. ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. चार मीटरपर्यंत लांबीच्या लहान मोटारींवर पूर्वी अधिभारासह २९ ते ३१ टक्के कर द्यावा लागे. तोही १८ टक्के झाला. त्याच सुमारास विदर्भात व मराठवाड्यात अतिवृष्टीने खरिपाची दाणादाण उडविली होती. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही असे वरकरणी वाटेल. परंतु वऱ्हाडातील कास्तकाराच्या घरात त्या दोन्ही एकाच वहीत मांडल्या जातात. वाहन स्वस्त झाले म्हणजे ते परवडणारे झाले काय, आणि घ्यावयाचेच तर कोणते घ्यावे, हा प्रश्न म्हणूनच केवळ हौसेचा राहत नाही. तो घरच्या अर्थकारणाचा प्रश्न होतो.

चार वाटांचा तालुका

अमरावतीहून बडनेरामार्गे यवतमाळकडे जाताना लागणारे नांदगाव खंडेश्वर हे तालुक्याचे गाव या प्रश्नाच्या विचारासाठी फार सोयीचे आहे. या एका तालुक्यात चार प्रकारच्या वाटा आहेत. पहिली गावातून वावरात जाणारी पांदण. उन्हाळ्यात ती धुळीची असते आणि मृगाचे पाणी पडले की काळ्या चिखलाची होते. दुसरी खेड्यातून तालुक्याच्या गावी येणारी अरुंद डांबरी सडक, तिसरी अमरावती-यवतमाळ हा रहदारीचा रस्ता आणि चौथी समृद्धी महामार्ग.

७०१ किलोमीटर लांबीच्या या महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी पूर्ण झाला. मोटारींना तेथे ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. दुचाकी व तीनचाकी वाहनांना मात्र मज्जाव आहे. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही बंदी योग्यच होय. तथापि ज्या तालुक्याच्या काळ्या जमिनीवरून हा रस्ता गेला, त्या तालुक्यातील बहुसंख्यांचे वाहन त्यावर चढू शकत नाही, ही वस्तुस्थिती उरतेच. महामार्ग दारावरून गेला म्हणून मोटार घेतली पाहिजे असा एक विचार गावोगाव बळावत आहे, त्याचे मूळ येथे आहे. परंतु मनुष्य वर्षातून किती वेळा कोणत्या वाटेने जातो, याची मोजदाद केल्यावाचून वाहनाची निवड करणे म्हणजे पायाचे माप न घेता जोडा विकत घेणे होय.

टंचाईची निवड, जाहिरातीची निवड

एके काळी निवडीचा प्रश्नच नव्हता. बजाजच्या स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. १९७२ साली आलेली लूना शिक्षकांची व कारकुनांची गाडी झाली, तर एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत दूधवाल्यांची म्हणून ओळखली गेली. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि मध्यमवर्गाला मोटारीचे स्वप्न पडू लागले. १९८५ साली हिरो होंडाने चार स्ट्रोकची १०० सीसीची मोटारसायकल आणली. कमी तेलात लांब जाणे हाच तिचा मुख्य गुण होता. त्या काळी टंचाई निवड करी आणि ग्राहक तिला मान तुकवी.

आज टंचाई गेली आहे, पण ग्राहक स्वतंत्र झाला आहे असे म्हणणे धाडसाचे ठरेल. निवडीची सूत्रे जाहिरातीच्या हाती गेली आहेत. जाहिरातीतील मोटार नदीच्या पात्रातून पाणी उडवीत जाते आणि मोटारसायकल बर्फाच्छादित खिंड ओलांडते. पाहणारा तरुण नांदगावचा असतो. त्याला रोज बँकेत, बाजार समितीत किंवा महाविद्यालयात जावयाचे असते. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली अशा खर्चाचे मर्म सांगून ठेवले आहे. काही वस्तू उपयोगासाठी घेतल्या जात नाहीत. आपल्याला परवडते हे चारचौघांना दिसावे म्हणून घेतल्या जातात. या मोहाला अमेरिकेतील धनिक वश झाले, तेव्हा वऱ्हाडातील शेतकरीपुत्राला तेवढ्यासाठी बोल लावण्याचे कारण नाही. फरक एवढाच, की धनिकाचा मोह शिलकेतून भागतो आणि याचा कर्जातून.

रोजची गाडी

रोजच्या वापराचा विचार करता या भागात मोटारसायकलीला तोड नाही. ती वावराच्या बांधापर्यंत जाते, फवारणीचा पंप आणि खताचे पोते वाहते, बाजाराच्या दिवशी भाजीची पाटी आणते. अशा गाडीची पारख तीन गोष्टींवर करावी लागते. पहिली गोष्ट वजनाची. १९९४ पासून चालत आलेली स्प्लेंडर सुमारे ११२ किलो भरते, तर २०२३ साली आलेली ४५० सीसीची हिमालयन १९६ किलो. पांदणीतील काळी माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये दाटून बसली की चाक फिरत नाही. गाडी ढकलावी, प्रसंगी उचलावी लागते. त्या वेळी हे ८४ किलो अंगावर येतात. नावात हिमालय असला तरी आषाढातल्या पांदणीत हलकी गाडीच खरी साहसी ठरते. शिवाय ३५० सीसीवरील मोटारसायकलींचा कर नव्या रचनेत ३१ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेला आहे, हेही लक्षात घ्यावयास हवे.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. ज्या गाडीचा सुटा भाग तालुक्याच्या दुकानात मिळतो आणि जी गावचा मिस्त्री उघडू शकतो, ती गाडी पेरणीच्या दिवसांत दोन तासांत उभी राहते. जिच्यासाठी अमरावती किंवा नागपूर गाठावे लागते, ती ऐन हंगामात आठवडाभर बंद पडते.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची, आणि ती सर्वांत महत्त्वाची असूनही सर्वांत शेवटी विचारली जाते. २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसे रस्ते अपघातांत मरण पावली. त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती. ज्याला नोकरीनिमित्त रोज अमरावतीला जाऊन येणे भाग आहे, त्याने मालमोटारींच्या वर्दळीत चाक न घसरता थांबणारी गाडी घ्यावी. १२५ सीसीपेक्षा मोठ्या मोटारसायकलींना ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा २०१९ पासून सक्तीची झाली आहे. अशा प्रवाशाने तिच्यासाठी थोडे अधिक पैसे मोजले तर ती उधळपट्टी नव्हे. चांगले शिरस्त्राण हा तर गाडीच्या किमतीचाच भाग समजला पाहिजे.

मोटारीचा हिशेब

आता मोटारीकडे वळावयास हरकत नाही. नांदगाव ते अमरावती जाऊन-येऊन सुमारे ७० किलोमीटर होतात. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरले, तर लिटरला ६० किलोमीटर जाणाऱ्या मोटारसायकलीला या फेरीस सुमारे १२० रुपये लागतात. १८ किलोमीटर जाणाऱ्या मोटारीला ४०० रुपयांच्या वर. मोटारीत चौघे बसले तर हा फरक जवळजवळ मिटतो. एकटाच जाणार असेल तर तो रोज खिशातून जातो.

परंतु इंधन हा मोटारीचा मोठा खर्च नव्हेच. मोठा खर्च ती दारात उभी असतानाही होत असतो. दहा लाखांच्या मोटारीसाठी आठ लाखांचे कर्ज साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांकरिता काढले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १३,००० रुपयांचा बसतो आणि एकूण व्याज तीन लाखांच्या घरात जाते. विमा, टायर व दुरुस्ती वेगळी. वर्षाचे हप्ते सुमारे १,५७,००० रुपये होतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. म्हणजे केवळ हप्त्यांपोटी १९ क्विंटलांवर कापूस जातो. कोरडवाहू जमिनीत एकरी पाच-सहा क्विंटलांचा उतारा धरला, तर तीन-चार एकरांचे सबंध पीक गेले. त्यातून बियाणे, फवारणी आणि वेचणीची मजुरी वजा व्हावयाचीच असते.

येथे एक मूलभूत विसंगती आहे. हप्ता महिन्याला येतो, कास्तकाराचे उत्पन्न वर्षातून एकदा येते. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत हातात पैसा खेळतो आणि ज्येष्ठात बियाण्यासाठी उधारी करावी लागते. ट्रॅक्टरच्या कर्जात सहामाही हप्त्याची सोय असते, कारण ट्रॅक्टर शेतीचे साधन मानला जातो; मोटारीचे कर्ज मात्र पगारदाराच्या पत्रिकेवर बेतलेले असते. एक हंगाम बुडाला की हप्ता चुकतो, दंड चढतो आणि अखेर जप्तीची वेळ येते. कर्जाने पोळलेल्या या प्रदेशाला याहून अधिक सांगण्याची गरज नाही. पगारदाराने हप्त्यावर मोटार घेणे आणि केवळ शेतीवर असलेल्याने घेणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्याने पीक विकून हाती आलेल्या पैशांतून चार-पाच वर्षे वापरलेली, कागदपत्रे स्वच्छ असलेली लहान मोटार घेतली, तर नव्या गाडीची सुरुवातीची मोठी घट पहिल्या मालकाने सोसलेली असते.

जंगलाची हौस

यावर असे म्हटले जाईल, की माणसाने केवळ वावर आणि बाजारच पाहावा काय? चिखलदऱ्याला जाऊ नये, मेळघाटचे अरण्य पाहू नये? अवश्य पाहावे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवरचे चिखलदरा हे विदर्भाचे थंड हवेचे ठिकाण आहे, आणि मेळघाट तर व्याघ्र प्रकल्पांच्या अगदी पहिल्या मालिकेतील. प्रश्न तेथे जाण्याचा नाही. त्यासाठी कोणते वाहन विकत घ्यावे लागते, हा आहे.

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट डांबरी आहे. त्याला उत्तम ब्रेक, चांगले टायर आणि खालच्या गिअरमध्ये उतरण्याचा संयम लागतो. उंच चाकांचा डौल लागत नाही. जंगल सफारीसाठी तेथे नोंदणीकृत जिप्सी मिळते. आणखी गंमत अशी, की रानगाडीचा आकार घेऊन बाजारात आलेल्या बहुतेक छोट्या ‘एसयूव्ही’ मोटारींत इंजिनाची शक्ती पुढच्या दोनच चाकांना जाते. थारसारखी चारही चाकांनी ओढणारी गाडी २०२३ पासून केवळ मागच्या चाकांवर चालणाऱ्या रूपातही विकली जाऊ लागली, याचा अर्थ स्पष्ट आहे. ग्राहकाला चिखल तुडवावयाचा नसतो, तो तुडवू शकेल असे दिसावयाचे असते.

समजा, लहान मोटारीऐवजी अशी गाडी घेताना चार लाख अधिक मोजले, आणि कुटुंब वर्षातून चार दिवस जंगलात गेले. सात वर्षांत २८ दिवस होतात. व्याज न धरताही प्रत्येक दिवसाची किंमत १४,००० रुपयांवर जाते. गाडी विकताना या अधिक रकमेपैकी निम्मी परत मिळाली असे मानले तरी ७,००० रुपये उरतातच. त्याहून कमी पैशांत चालकासह भाड्याची गाडी मिळते. साहस भाड्याने घ्यावे आणि रोजचे वाहन विकत घ्यावे, हा यातून निघणारा साधा नियम होय. मोठी गाडी भाड्याने देऊन हप्ता फेडण्याचा बेत काही तरुण आखतात. परंतु पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने चालविणे कायद्याला मान्य नाही, आणि अपघात घडल्यास विम्याचा आधारही डळमळतो.

आक्षेप आणि त्याचे उत्तर

मोठ्या गाडीच्या बाजूने एक आक्षेप मात्र गंभीर आहे. रात्री सर्पदंश झाला, बाळंतपणाची वेळ आली, तर गावातील एखादी दणकट मोटार सबंध गावाची असते. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा असली, तरी चिखलाच्या वाटेवर ती वेळेवर पोहोचेलच असे नाही. हा युक्तिवाद खोडून काढण्याजोगा नाही. परंतु त्यातून निष्कर्ष काय निघतो? प्रत्येक घराने कर्ज काढून उंच चाकांची गाडी घ्यावी, हा नव्हे. वाट नीट करावी, हा.

खराब रस्त्यावरचा उपाय म्हणून मोठी गाडी घेणारा नागरिक एका सार्वजनिक उणिवेची किंमत खाजगीरीत्या भरीत असतो. ज्याला ती भरता येत नाही तो चिखलातच राहतो; आणि ज्याने भरली त्याला रस्त्यासाठी ग्रामसभेत भांडण्याचे कारण उरत नाही. शेत-पाणंद रस्त्यांसाठी राज्य शासनाने २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आखली. प्रत्येक गावातील कोणती पांदण तिच्यात धरली गेली आणि कोणती मुरूम पडण्याची वाट पाहत राहिली, हे ग्रामसभेत विचारले गेले पाहिजे. एस.टी.ची गोष्टही याहून वेगळी नाही. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळातील संपाने अनेक घरांना दुचाकी घेणे भाग पाडले. मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्ध्या तिकिटात प्रवास मिळू लागला. वेळेवर येणारी बस असेल, तर अमरावतीला शिकणाऱ्या मुलीसाठी वेगळे वाहन घेण्याची गरजच उरत नाही. बस चुकली की सवलतही चुकते.

करकपातीने दालनातील किंमत कमी केली, हे स्वागतार्हच आहे. परंतु पांदणीतला चिखल त्याने कमी झालेला नाही आणि हप्त्याची तारीखही पुढे गेलेली नाही. वाहन घेणाऱ्या घराने आधी एक साधी नोंद करावी. वर्षातील ३६५ दिवसांपैकी किती दिवस वावरात, किती अमरावतीला आणि किती चिखलदऱ्याला जाणे होते? ज्या वाटेचे दिवस सर्वाधिक, त्या वाटेचे वाहन विकत घ्यावे. उरलेल्या दिवसांसाठी बस आहे, भाड्याची गाडी आहे, शेजारधर्मही आहे. आणि जी वाट कोणत्याही वाहनाला धड जाऊ देत नाही, तिच्यासाठी विक्रेत्याच्या दालनात जाऊन उपयोग नाही. तिचा निकाल पंचायतीच्या दारातच लागावयाचा आहे.