शेगडी गाडीबाहेर!

मंडळी, अमेरिकेत मिनेसोटाला लोक गोठलेल्या तळ्यावर चाकांची खोली ओढत नेतात आणि आत हीटर लावून मासे धरत बसतात. आपल्याकडे तळी गोठत नाहीत, पण हौस तीच! नागपूर-वर्धा रस्त्यावर केळझरला व्हॅन लावायची, काचा बंद, आत कोळशाची शेगडी... का? तर डिसेंबर आहे ना यार!

नको म्हणजे नको. निखाऱ्याचा धूर दिसत नसला तरी कार्बन मोनॉक्साइड निघतोच. त्याला ना रंग, ना वास. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या 200 पटींहून घट्ट धरतो. डोकं दुखतं, गुंगी येते आणि झोपलेला माणूस उठतच नाही. "काच बोटभर उघडी ठेवू की" हा निव्वळ जुगार झाला.

तिकडे शहाणे लोक धूर नळीने बाहेर सोडणारा हीटर बसवतात, वर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावतात. आपण हौस तेवढी उचलली, अलार्म राहिला!

आणि विदर्भात पारा 10 अंशांखाली गेला तरी गोधडी आहे की. खाली जाड सतरंजी, डोक्याला कानटोपी. शेकोटी हवीच तर मोकळ्यावर, आणि झोपण्याआधी पाणी ओतून विझवा. बस्स!