घामाचे दाम बुडविणारा 'आपला' असला म्हणून काय झाले?

काम सुटले की शेवटचा पगार बुडालाच, असे आपल्या वस्त्यांमधून आता गृहीतच धरले जाते. सफाईचे कंत्राट बदलते, वॉचमनची एजन्सी बदलते, बिल्डरची साईट संपते आणि जुना मालक दोन-तीन महिन्यांचा पगार अडकवून मोकळा होतो. बिल पास झाले नाही, साहेब गावाला गेलेत, पुढच्या दहा तारखेला या. सहा महिने चपला झिजवून माणूस नाद सोडतो आणि घरातली म्हातारी म्हणते, जाऊ दे बाबा, आपल्या नशिबात नव्हते. नशीब नाकारणाऱ्या धम्माची दीक्षा १९५६ साली घेतलेल्या समाजाच्या तोंडी पगाराच्या बाबतीत मात्र अजून नशीबच आहे!

फुकट राबणे आपल्याला नवीन नाही. महार वतनाच्या नावाखाली आपल्या आज्या-पणज्यांनी अख्ख्या गावाची आणि सरकारची रात्रंदिवस चाकरी केली आणि मोबदल्यात बलुत्याच्या पेंढ्या व शिळी भाकर पदरात घेतली. त्या गुलामीविरुद्ध डॉ. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाचे बिल मांडले. पुढे व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना १९४६ साली त्यांनीच किमान वेतनाचे विधेयक आणले. त्याचा कायदा १९४८ साली झाला. घटनेच्या कलम २३ ने वेठबिगारी बंद केली. आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली स्पष्ट सांगितले की, किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबवून घेणे म्हणजे सक्तीची मजुरीच होय. कमी देणे जर वेठ ठरते, तर तीन महिने राबवून काहीच न देणाऱ्याला काय म्हणायचे?

काही वर्षांपूर्वी एका मोठ्या इमारतीत झाडलोट करणाऱ्या २६ महिला माझ्याकडे आल्या. बहुतेक सगळ्या आपल्याच समाजाच्या. कंत्राट संपले होते, शेवटचे तीन महिन्यांचे पैसे जुन्या कंत्राटदाराने दिले नव्हते. कोणाकडे नेमणुकीचे पत्र नाही, पगाराची स्लिप नाही, हजेरीचे मस्टर कंत्राटदाराच्या कपाटात. त्यांना येईपर्यंत दहा महिने उलटले होते आणि तेव्हाच्या वेतन प्रदान कायद्याप्रमाणे अर्जाची मुदत होती बारा महिन्यांची. एवढा उशीर का केला, असे मी जरा चढ्या आवाजातच विचारले. तेव्हा एक ताई खाली मान घालून म्हणाल्या, "सर, तो आपला माणूस आहे. जयंतीला वर्गणी देतो. त्याच्या हापिसात बाबासाहेबांचा मोठा फोटो आहे."

अर्ज दाखल झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तीन कार्यकर्ते माझ्या घरी आले. वकीलसाहेब, समाजातला एक माणूस कसाबसा वर आलाय, त्याला कोर्टात खेचून कोणाचा फायदा होणार? बसून मिटवू. मी म्हटले, मिटवू. तीन महिन्यांचे पैसे आणा, आत्ता मिटवू. ते चहा न घेता गेले. पुढे वर्षभर त्यांनी माझा जयभीमही घेतला नाही.

त्या कार्यकर्त्यांना मी मनमाडची आठवण द्यायला हवी होती. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे केवळ ब्राह्मण नव्हेत; स्वातंत्र्य, समता, बंधुता नाकारणारी ती वृत्ती आहे आणि ती सर्वच वर्गांत पसरली आहे, हेही त्यांनी तिथेच बजावले. आपण पहिले वाक्य बॅनरवर छापतो, दुसरे सोयीस्करपणे विसरतो. भगवान बुद्धांनी सिगालोवाद सुत्तात मालकाची नोकराविषयी कर्तव्ये सांगितली आहेत. शक्ती पाहून काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, वेळेवर सुट्टी द्यावी. हे गृहस्थाने पाळायचे नियम आहेत, म्हणजे कंत्राटदार उपासकानेही!

त्या प्रकरणात आम्ही मूळ मालकालाही पक्षकार केले. कंत्राटदाराने पगार दिला नाही तर तो मूळ मालकाने द्यायचा आणि कंत्राटदाराकडून वसूल करायचा, अशी तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती. नोटीस पोहोचताच त्या साहेबांनी कंत्राटदाराचे थकलेले बिल रोखले आणि २३ जणींचे पैसे जमा केले. उरलेल्या तिघींना काहीच मिळाले नाही. काम सुटताना त्यांनी कोऱ्या व्हाऊचरवर सही केली होती आणि त्यावर नंतर पूर्ण हिशेब मिळाल्याचा मजकूर भरला गेला. त्या तिघींपैकी एक विधवा होती. तिच्या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

आता कायदा बदलला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ अंमलात आली. चार कामगार संहितांना चळवळीने विरोध केला तो योग्यच होता. निरीक्षकाचा 'सुविधाकार' करून टाकणाऱ्या सरकारला कामगाराची किती काळजी आहे हे वेगळे सांगायला नको. पण शत्रूच्या घरात सापडलेले हत्यारही वापरावेच लागते. नोकरी सोडली वा काढून टाकले, तर दोन कामकाजाच्या दिवसांत सगळा पगार द्यावा लागेल. दाव्याची मुदत आता तीन वर्षे आहे. कितीही कामगारांचा मिळून एकच अर्ज चालतो आणि तो युनियनलाही करता येतो. बुडविलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. तरीही मालकाने पैसे दिले नाहीत तर वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्याकडे जातो. सर्वात मोठी गोष्ट म्हणजे पगार दिला, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आता मालकावर आहे.

पण तुम्ही तिथे कामाला होतात, हे तर दाखवावे लागेल ना? त्या २६ जणींचे प्रकरण उभे राहिले ते एका घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरमुळे. नववीतली मुलगी आईची प्रत्येक ड्युटी त्यावर पेनाने लिहीत होती, कोणत्या मजल्यावर, कोणाबरोबर. गेटपास, मुकादमाचा मोबाईलवरचा निरोप, ड्रेसवरचा बिल्ला, फंडाचा नंबर, यातले काहीही फेकू नका. कोऱ्या कागदावर सही करू नका, आणि एटीएम कार्ड मुकादमाच्या हाती तर मुळीच देऊ नका. बँकेच्या पासबुकात पूर्ण पगार जमा दिसतो आणि कार्डावरून निम्मा मुकादम काढून घेतो, हा धंदा मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. अशा वेळी मालकाच्या बाजूने पुरावा आपणच तयार करून देतो.

आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर आम्ही आता एक वही उघडली आहे. मालकाचे नाव, कामाची जागा, किती महिने थकले, पुरावा काय. गेल्या रविवारी अकरा नावे आली. त्यातल्या चौघांचा कंत्राटदार त्याच विहाराच्या समितीवर आहे. नोटीस या आठवड्यात निघते आहे.