आमचा शरद

शरद ऋतूवर निबंध लिहावयास सांगितला म्हणजे आपल्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत एक चमत्कारिक गोष्ट वारंवार आढळते. खिडकीबाहेर झाडें गर्द हिरवीं उभीं असतात, आणि वहींत मात्र पिवळीं, तांबडीं पानें वाऱ्याबरोबर गळत असतात! यांत केवळ मुलांचा दोष आहे असें मी म्हणत नाहीं. लहानपणीं मींही असाच निबंध लिहिला होता व त्याबद्दल मला शाबासकी मिळाली होती. इंग्रजी ‘ऑटम’ म्हणजे शरद, असें कोशांत वाचलें. मग पुस्तकांतलीं पानें उचलून निबंधांत टाकावयास कितीसा वेळ लागणार? आज मात्र वाटतें कीं, ती शाबासकी मला मिळावयास नको होती. जें आपण पाहिलें नाहीं तें पाहिल्यासारखें लिहिणें, हें भाषेचें भूषण नसून डोळ्यांचा आळस होय.

आश्विन महिन्यांत एकदां खडवलीस जाऊन पाहावें. टिटवाळा व वासिंद यांच्या मध्यें हें गांव आहे. पावसाळ्यांत गढूळलेलें भातसा नदीचें पाणी या दिवसांत निवळूं लागतें. घरापुढील अंगणांत तेरडा ओसरत आलेला असतो. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ असें म्हणून आपण त्याला हिणवतों; परंतु त्याचें पिकलें बोंड चिमटींत धरतांच तें फटकन् फुटून बीं दूर उडवितें, आणि पुढल्या वर्षीची तरतूद करून ठेवतें, हें किती जणांनीं पाहिलें आहे? पहांटे पारिजातकाखालीं पांढरा सडा पडलेला असतो. त्यांतील एक फूल उचलून त्याचा केशरी देंठ पाहावा. झेंडू दसऱ्याची वाट पाहत असतो. कुंपणावरच्या वेलीला रानतोंडलीं लालबुंद पिकतात व बुलबुल तीं टोंचून खातात. पुढें थंडी पडूं लागली कीं गुंजेच्या शेंगा उकलतात आणि आंतून काळ्या टिपक्याचे लाल मणी डोकावतात. आठ गुंजांचा मासा व बारा माशांचा तोळा, असें सोनाराचें जुनें वजन याच मण्यांवर उभें होतें. मात्र बालमित्रांनो, गुंज डोळ्यांनींच पाहावी. तिच्या आंत जहाल विष आहे, ती कधींही तोंडांत घालूं नये.

मग पानांचा रंग कोठें गेला? याचें उत्तर समजण्यास पानें कां गळतात तें पाहिलें पाहिजे. थंड देशांतील झाडाला बर्फाचें भय असतें. दिवस लहान होऊं लागले कीं तें पानांतील हरितद्रव्य मोडून त्यांतील नत्रासारखा उपयुक्त भाग फांद्यांत व खोडांत परत नेतें; तेव्हां झांकलेला पिवळा रंग उघडा पडतो, आणि कांहीं झाडांत तांबडें द्रव्य नव्यानें तयार होतें. आपल्या झाडाला भय बर्फाचें नसून तहानेचें आहे. जमिनींत पावसाची ओल आहे तोंवर पान टाकण्याचें त्याला कारण नाहीं. म्हणूनच आपल्या पूर्वजांनीं पानगळ शरदांत न घालतां शिशिरांत घातली. देशी बदामाचीं पानें हिवाळ्यांत तांबडीं होतात. साग त्या सुमारास उघडा पडूं लागतो. आणि कुसुंबाचा तांबडा बहर तर वसंतांत येतो व तो मरणाऱ्या पानांचा नसून जन्मणाऱ्या पालवीचा असतो! दसऱ्याला आपण ज्या आपट्याच्या पानाला सोनें म्हणतों, तेंही हिरवेंच असतें.

तरीही खडवलीच्या शरदांत पिवळा रंग नाहीं असें नाहीं. तो शोधावयास मात्र कुंपणापलीकडे पाहिलें पाहिजे. तेथें भाताचीं खाचरें पिवळीं होत असतात. थंड देशांतील झाडाच्या पानांत जें घडतें तेंच येथें भाताच्या पात्यांत घडतें. हरितद्रव्य मोडतें, नत्र पान सोडून निघतें. परंतु तें खोडांत जाऊन न बसतां लोंबीतील दाण्यांत जातें. तिकडील पान आपलें धन झाडाला परत देतें, इकडील पान तें दाण्याला देतें, आणि दाण्यांतून आपल्या ताटाला! शेतकऱ्याच्या मुलाला हा रंग रोज दिसतो. परंतु निबंध लिहावयास बसला कीं तोही परक्या देशाचीं पानें गोळा करूं लागतो, याचें मला वाईट वाटतें.

परकें तें टाकावें असा माझा आग्रह नाहीं. दसऱ्याचें तोरण ज्याच्यावांचून होत नाहीं तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा. नाताळांत चर्चमध्यें मांडतात तो पॉइन्सेटियाही तिकडचाच. जोएल पॉइन्सेट या अमेरिकन वकिलानें तो १८२८ च्या सुमारास आपल्या देशांत नेला, म्हणून त्याचें हें नांव. त्यांत लाल दिसतात तीं फुलें नसून पानें आहेत. फुलें मध्यें बारीक व पिवळीं असतात. रात्री मोठ्या झाल्यावांचून तीं पानें लाल होत नाहींत. एक कुंडी रात्रभर दिव्याजवळ व दुसरी अंधारांत ठेवून हा प्रयोग कोणीही करून पाहावा. झाड कोठलेंही असो, पाहणारे डोळे आपले असावेत, एवढेंच माझें म्हणणें आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांस महाराष्ट्र फुलामुलांचे कवि म्हणून ओळखतो. त्यांच्या प्राथमिक शिक्षणाचीं कांहीं वर्षें आपल्या कल्याणांतच गेलीं. ते प्रभूच्या सृष्टीकडे प्रेमानें पाहणारे होते. ज्यावर प्रेम करावयाचें त्याला आधीं नीट पाहिलें पाहिजे.

म्हणून पालकांस विनंति कीं, मुलांना निबंधाचें तयार पुस्तक आणून देण्यापूर्वीं एक कोरी वही द्यावी. तींत अंगणांतील तेरड्याचें पहिलें फूल कोणत्या तारखेस उमललें, पारिजातकाचा सडा केव्हां थांबला, बदामाचें पहिलें पान केव्हां तांबडें झालें, हें मुलांनीं स्वतः पाहून लिहावें. मोठें अंगण नसेल त्यांना एक कुंडीही पुरे. अशा वहींतून उतरलेला निबंध कदाचित् ओबडधोबड होईल; पण तो खरा असेल. आणि गुरुजनहो, शाबासकी द्यावयाची ती त्याला द्यावी.