थेंबांचाही डोस असतो

लोह्यात काय, नांदेडात काय, ‘शेवटची एसटी गाठायची आहे’ म्हणत नातेवाईक सलाईनचे चाक फिरवून धार वाढवतात. पण सलाईनचा वेग हाही डोसच आहे. नेहमीच्या सेटमधून २० थेंब पडले की १ मिलिलिटर होते. लहान मुलांच्या सेटमधून ६०. हा आकडा पाकिटावर छापलेला असतो. ५०० मिलिलिटरची बाटली ४ तासांत द्यायची, तर साध्या सेटमधून मिनिटाला सुमारे ४२ थेंब हवेत. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल, तर घाईने दिलेले पाणी फुप्फुसांत साचते, दम लागतो. म्हणून प्रत्येक बाटलीवर सुरू केल्याची वेळ आणि मिनिटाचे थेंब लिहिलेच पाहिजेत. नातेवाइकांनी थेंब जरूर मोजावेत, फरक वाटला तर सिस्टरना सांगावे. चाकाला हात लावू नये.